दोन लांब, एक आखूड

"पोरी, तुला कोनीतरी फसवला," गोटीराम तांडेल चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. "ह्या पेटीचे अर्धे परदे कुठं हायत?"

उत्कर्षानं टेबलावर आडव्या ठेवलेल्या वाद्याकडे पाहिलं. दोन हात लांब, वीतभर रुंद, कमरेत जराशी बारीक अशी ती लाकडी पेटी होती. मधोमध एक उंच पट्टी, तिच्यावरून गेलेल्या तीन तारा, आणि तारांखाली सतारीला असतात तसे धातूचे आडवे पडदे. एक तार तुटून कुरळी झाली होती, एक खुंटी सैल होती आणि तारा पेलणारी खालची घोडी तडकली होती.

"अशीच आलीय ती, काका. डल्सिमर म्हणतात. अमेरिकेतल्या डोंगराळ भागात मांडीवर घेऊन वाजवतात. मला महापेच्या कंपनीनं चार महिने तिकडे पाठवलं होतं ना, तेव्हा आप्पांसाठी आणली. बेडवरून पडली परवा. वाशीत दोन दुकानं फिरले. शेवटी एकजण म्हणाला, सारसोळ्याला जा, तिथे बेंजोवाले तांडेल आहेत, ते काहीही दुरुस्त करतात."

'काहीही दुरुस्त करतात' हे ऐकल्यावर गोटीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. माणूस सत्तरीला टेकला तरी कौतुकाची हौस काही म्हातारी होत नाही.

"आज शनवार. पुढच्या शनवारी देतो. टेन्शन घेव नको," तो म्हणाला.

गोटीरामनं चाळीस वर्षं बेंजो वाजवला होता. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटनं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आगरी-कोळ्यांच्या हळदीत बेंजो नसला तर नवरदेवाच्या अंगाला हळद लागते, पण मांडवाला लागत नाही. सारसोळ्यापासून उरणपर्यंत असा गाव नव्हता जिथे गोटीरामच्या बेंजोवर म्हाताऱ्या नाचल्या नव्हत्या. आता मांडवात मोठमोठे कीबोर्ड आले. त्यानंही वाजवणं सोडलं आणि राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. खाऊन-पिऊन सुखी होता. मुलगा विपुल नोकरीला होता, बायको शेवंताबाई ठणठणीत होती, आणि आठवड्याला एखादा तरी बिघडलेला बेंजो दारात येत होता.

दुरुस्तीचा त्याचा एक नियम होता. वाजवणाऱ्याला समोर बसवायचं, दोन ओळी वाजवायला लावायच्या, बोटं कुठे पडतात ते बघायचं, आणि मगच पेचकस हातात घ्यायचा. पण या खेपेला वाजवणारा समोर नव्हता. त्याच्याविषयी दोन शब्द विचारावेत हेही गोटीरामला सुचलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या पडद्यांकडे लागलं होतं.

मूळचं काम एका सकाळीत उरकलं. नवी तार चढवली, खुंटी कसली, शिसवाची नवीन घोडी घासून बसवली. तारा जुळवल्या तेव्हा पेटीतून असा गोड, जुन्या घरातल्या तांब्याच्या हंड्यासारखा नाद निघाला की गोटीराम स्वतःशीच हसला. मग त्यानं एकेक पडदा वाजवून पाहिला आणि त्याचं हसू मावळलं.

सा झाला, रे झाला, आणि एकदम शुद्ध ग. मधला कोमल ग कुठेच नव्हता. पुढेही तीच गत. दोन पडद्यांत कुठे भलतंच रुंद अंतर, कुठे अगदी अरुंद. हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्या ठेवून काळ्या काढून टाकाव्यात तसा सगळा प्रकार. रुंद जागेत त्यानं सुरीच्या पाठीनं तार दाबली, तर हरवलेला सूर तिथे निमूट बसलेला होता. फक्त त्याच्याखाली पडदा नव्हता.

"दहा सूर खाल्ले बनवनाऱ्यानं," तो शेवंताबाईला म्हणाला. "पोरीनं एवढ्या लांबून बापासाठी आनला, आनि त्याला अर्धीच गानी वाजवता येनार."

"तिनं तार लावाया दिलाय का नवा बाजा कराया?" शेवंताबाई कोळंबी सोलता सोलता म्हणाली.

पण गोटीरामचे हात शिवशिवू लागले होते, आणि शिवशिवणारे हात बायकोचं ऐकत नाहीत. विपुलची कॉलेजातली गिटार माळ्यावर मान वाकून पडली होती. तिचे पडदे त्यानं उपसून काढले. चार दिवस तो त्या पेटीला चिकटून बसला. एकेक सूर कानानं शोधायचा, पेन्सिलीनं खूण करायची, बारीक करवतीनं खाच पाडायची, सरस लावून पडदा ठोकायचा, कानशीनं कडा घासायच्या. दहा पडदे. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं तेव्हा एकही सूर चुकला नाही, एकही सूर सुटला नाही. आपल्या हातून एवढं नेटकं काम गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं, असं त्याला मनापासून वाटलं, आणि ते खरंही होतं.

त्यानं उत्कर्षाला फोन लावला. "तू येव नको. मी सोता घेऊन येतो. तुझ्या आप्पाला मनाच दाखवायचा हाय."

शनिवारी सकाळी विपुलनं त्याला गाडीनं खांदेश्वरला सोडलं. उत्कर्षाचं घर चौथ्या मजल्यावर होतं. दार उघडल्या उघडल्या समोर पलंगावर तिचे आप्पा बसलेले दिसले. नाव बाबासो, मूळचे साताऱ्याकडचे, आणि सगळा जन्म वाशीच्या घाऊक बाजारात माथाड्याचं काम केलेले. मान चांगली जाड, खांदे अजून रुंद, आणि मांडीवर ठेवलेले हात भाकरीच्या परातीएवढे. पांढराशुभ्र सदरा, ओले विंचरलेले केस.

"या, या पाव्हणं," ते म्हणाले आणि त्यांनी दाराकडे तोंड वळवलं. पण ते गोटीरामच्या जरा डावीकडे, रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

गोटीराम तिथेच थबकला. बाबासोंना दिसत नव्हतं. उत्कर्षानं हे सांगितलं नव्हतं, कारण त्यानं विचारलंच नव्हतं.

तरी उत्साह होताच. पेटी बाबासोंच्या मांडीवर ठेवून त्यानं एका दमात सगळं सांगितलं. बनवणाऱ्यानं कसे दहा सूर गाळले होते, आपण ते कसे शोधले, आता जगातलं कुठलंही गाणं यात कसं वाजेल. "आता तुमची पेटी भरली," तो म्हणाला.

"एवढं केलंसा?" बाबासोंचा चेहरा खरोखरच उजळला. "माझ्यासाठी? ओळख ना पाळख. उत्कर्षा, च्या टाक गं पाव्हण्यास्नी."

त्यांनी उजव्या हातात तारा छेडायची प्लास्टिकची नखी घेतली आणि डाव्या हाताचा अंगठा पट्टीच्या टोकाला टेकवला. अंगठा सरकू लागला. पहिला सूर आला, दुसरा आला, आणि तिसऱ्याला पेटी भलतंच बोलली. बाबासो थांबले. पुन्हा टोकापासून सुरुवात केली. या वेळी दुसराच सूर चुकला. तिसऱ्यांदा अंगठा पडद्यांवरून नुसताच पुढे-मागे फिरत राहिला, अनोळखी गल्लीत घर शोधणाऱ्या माणसासारखा. मग त्यांनी पंजा तारांवर ठेवून आवाज बंद केला.

"काम लई नामी झालंय, पाव्हणं," ते हसून म्हणाले. "आज माझाच हात आखडलाय."

गोटीरामनं जन्मभर बेंजोवाल्यांची निमित्तं ऐकली होती. हात आखडलेला कसा वाजतो आणि वाट हरवलेला कसा वाजतो, ते त्याच्या कानानं झोपेतही ओळखलं असतं.

"बाबासो, मना खरा सांगा. काय चुकला माझा?"

"चुकलं कुठं? तुमी तर वाढवूनच दिलंय."

"तुमी वाजवता कसा? परदा कसा ओळकता?"

बाबासो जरा घुटमळले. मग त्यांनी अंगठा पट्टीच्या कडेवर ठेवला.

"आवं, ट्रकला फळी लावलेली असती बघा. पाठीवर शंभर किलोचं पोतं, डोक्यावरनं गोणपाटाची खोळ. खालचं काय डोंबल दिसतंय? पावलं मोजून चढायचं. अमक्या पावलाला फळी दबती, तमक्या पावलाला जोड येतो. तीस वर्सं तसाच चढलो, एकदा पडलो न्हाई. ह्या पेटीवर बी तसंच. दोन लांब, एक आखूड. परत दोन लांब, एक आखूड. आखूड पाऊल अंगठ्याला लागलं की कळायचं, आपण कुठं आलोय." ते थांबले. "आता समदी पावलं सारखीच झाली. आणि माझा अंगठा हा असला. दोन पडद्यांच्या मधी मावत न्हाई."

चहाचा कप गोटीरामच्या हातात तसाच राहिला. करायला गेलो काय आणि झालं काय! आंधळ्या माणसाच्या वाटेवरच्या खुणा आपण आपल्या हातानं, कानस मारून, गुळगुळीत करून पुसून टाकल्या.

"द्या पेटी. मी कारून टाकतो ते परदे."

"छ्या!" बाबासोंनी पेटी जवळ ओढली. "कुणी मायेनं घातलेलं उपटायचं व्हय? शिकतो की मी हळूहळू. मला कुठं बाजारला जायचंय?"

ते काही केल्या ऐकेनात. गोटीराम खाली मान घालून निघाला. उत्कर्षा त्याला लिफ्टपर्यंत पोचवायला आली. तिचे डोळे भरले होते.

"काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पण दोन वर्षांपूर्वी आधी आई गेली आणि पाठोपाठ आप्पांचे डोळे गेले. तेव्हापासून ते नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. कुणाशी बोलणं नाही, काही नाही. अमेरिकेत एका बाजारात एक आजीबाई हे वाजवत होती. ती म्हणाली, हे कुणालाही येतं, यात मुद्दामच थोडे सूर ठेवलेत, चुकायला जागाच नाही. म्हणून आणलं. सहा महिने लागले, पण आप्पांनी आईचं एक गाणं बसवलं. आता सकाळी उठून, आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसतात. तेवढं एक गाणं वाजवायला."

लिफ्ट आली, उघडली आणि रिकामीच खाली गेली. गोटीराम उलटा फिरला होता.

"बाबासो," तो दारातूनच म्हणाला, "एक सांगाया विसरलो. आतला सरस अजून वला हाय. असाच ठेवला तर लाकूड फुगल. आठ दिवस मना परत द्यावा लागंल."

बाबासोंनी मान तिरकी करून ऐकलं. कोरडं ठणठणीत लाकूड त्यांच्या मांडीवर होतं आणि हात काही मेले नव्हते. त्यांच्या मिशीखाली हसू हललं.

"वला हाय म्हणताय?" ते म्हणाले. "मग न्या बापडे. लाकडाचं तुमास्नी जास्त कळतं."

घरी आल्यावर गोटीराम जेवला नाही. संध्याकाळी विपुलनं मोबाइलवर शोधाशोध केली आणि बापाच्या शेजारी येऊन बसला.

"पप्पा, ऐका. याचे दोन प्रकार असतात. कमी पडदेवाल्याला डायटॉनिक म्हणतात. तो मूळचा. आणि सगळे पडदे असले तर क्रोमॅटिक. ज्यांना सगळी गाणी पाहिजेत ते क्रोमॅटिक घेतात. पण जुने लोक म्हणतात, डायटॉनिकवर अंगठा कसाही फिरवा, गाणंच निघतं. दोन्ही बरोबर आहेत. फक्त वाजवणारा कोण, त्यावर आहे."

"म्हंजे बनवनाऱ्यानं खाल्ले नव्हते," गोटीराम हळूच म्हणाला.

"नाही. त्यानं मुद्दाम ठेवले नव्हते."

जन्मभर गोटीरामची समजूत होती की जितकी बटनं जास्त तितका बाजा मोठा, आणि बाजा मोठा तितका वाजवणारा मोठा. त्याला स्वतःची लाज वाटली, पण रडण्याइतकी नाही. चूक दुरुस्त करता येण्याजोगी होती, आणि दुरुस्ती हाच तर त्याचा धंदा होता.

पण पडदे ठोकणं सोपं आणि काढणं जिकिरीचं. गोटीरामचं काम कधी ढिलं नसायचं, आणि आता त्याचंच काम त्याच्या मुळावर आलं. सरसानं लाकूड घट्ट धरलं होतं. जोर लावला तर पट्टीचा टवका निघणार, मग पेटी कायमची गेली. तापवलेली सुरी पडद्यावर टेकवायची, सरस मऊ होईपर्यंत थांबायचं, मग पकडीनं केसभर उचलायचं. पुन्हा सुरी, पुन्हा केसभर. दिवसाला दोन पडदे निघायचे. सातव्या पडद्याला लाकडाचा बारीक कपचा उडालाच. तो कपचा त्यानं चिमट्यानं उचलून जागच्या जागी चिकटवला आणि दोन तास अंगठ्यानं दाबून धरला, कारण दुसऱ्या कशाच्या हवाली करायचा त्याला धीर होईना.

सगळे दहा निघाल्यावर खाचा राहिल्या. त्या त्यानं शिसवाच्या भुशात सरस कालवून भरल्या, घासल्या, तेल दिलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण वाजवणारा डोळ्यांनी वाजवत नव्हता. गोटीरामनं डोळे मिटून अंगठा फिरवला. त्याला काही लागलं नाही. तरी भरवसा वाटेना. चाळीस वर्षं तारा दाबून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते.

"शेवंते, इकडं ये जरा!"

शेवंताबाई पदराला हात पुसत आली. तिची बोटं साऱ्या सारसोळ्यात प्रसिद्ध होती. नातवंडांना ती मासा द्यायची तो बोटांनी चाचपून; इतक्या वर्षांत एकाही पोराच्या घशात काटा अडकला नव्हता.

"डोळे मीट. ह्याच्यावरशी बोट फिरव. कुठं काय लागतं ते सांग."

तिनं डोळे मिटले आणि मासा चाचपावा तशी पट्टी चाचपली. निम्म्यात थांबली. "हितं काटा हाय."

गोटीरामनं घासलं. तिनं पुन्हा बोट फिरवलं. "हितं खड्डा हाय." त्यानं भरलं, वाळवलं, घासलं. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. शेवंताबाई मधूनमधून भात बघून यायची, पुन्हा डोळे मिटून बसायची. नवऱ्याच्या आगाऊपणाबद्दल तिनं चार शब्द सुनावले, पण बोट उचललं नाही. शेवटी एकदा तिनं टोकापासून टोकापर्यंत अंगठा नेला आणि डोळे उघडले.

"आता बिनकाट्याचा झाला," ती म्हणाली.

रविवारी दोघंही खांदेश्वरला गेली. शेवंताबाई म्हणाली, एवढं बोट झिजवलंय तर मला ऐकायचंय. बाबासो तयार होऊन बसले होते. गोटीरामनं पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि या वेळी एक अक्षर बोलला नाही.

बाबासोंचा अंगठा पट्टीवर टेकला आणि चालू लागला. दोन लांब. एक आखूड. तिथे तो क्षणभर थांबला, मग पुढे गेला. दोन लांब, एक आखूड. बाबासोंनी दीर्घ श्वास सोडला.

"सरस वाळला म्हणायचा," ते म्हणाले.

"वाळला," गोटीराम म्हणाला.

मग त्यांनी वाजवायला घेतलं. चाल साधी होती, दोनच ओळींची, फिरून फिरून तीच येणारी. त्यांची बायको वेणूबाई बाजारात धान्य चाळायच्या कामाला होती. चाळणीच्या झोक्यावर म्हणायचं ते गाणं. बाबासोंचा तो राकट अंगठा पडद्यांवरून इतका हलका चालला होता की गोटीरामला नवल वाटलं. शेवंताबाईची मान आपोआप डोलू लागली. उत्कर्षा ओट्याला टेकून उभी होती.

दुसरी ओळ वर चढली आणि बाबासो अचानक थांबले. अंगठा पट्टीवरून उचलला गेला. बाबासोंनी तोंड उघडलं आणि एक सूर, फक्त एकच, घोगऱ्या आवाजात स्वतः म्हटला. मग अंगठा पुन्हा खाली आला आणि ओळ पुरी झाली.

तो कोमल गंधार होता. पेटीत नसलेला. गोटीरामनं सगळ्यात आधी शोधून, सगळ्यात अभिमानानं ठोकलेला पडदा त्याचाच होता.

"तेवढा सूर ह्यात न्हाई," बाबासो सहज म्हणाले. "वेणू तिथं आवाज असा खाली दाबायची. म्हणून तेवढा मी गळ्यानं घेतो. तेवढा एक तिचा ऱ्हातो."

बाबासोंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाणं फिरत फिरत त्या जागी आलं, अंगठा उचलला गेला. या खेपेला आवाज फुटला नाही. बाबासो त्या एका सुराएवढा वेळ तसेच थांबले, तोंड किंचित उघडं ठेवून. गोटीरामला तो सूर येत होता. त्यानं ओठ मिटून घेतले आणि जागा रिकामी जाऊ दिली.